पेशीमृत्यू शिकवायला कोणते कृमी मागवावेत? पाच स्ट्रेनची पारख

सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या जातींबद्दल (स्ट्रेनबद्दल) हे आहे. आधी निकाल सांगतो, मग कारणे. विभागात फक्त स्टिरिओ मायक्रोस्कोप असेल, तर एन२ (उत्परिवर्तन नसलेली नेहमीची जात), 'एग्ल-१' या जनुकाचा कार्यवृद्धी उत्परिवर्ती (ज्यात ते नको तिथेही चालू होते) आणि त्याचीच 'सेड-३' या जनुकाच्या उत्परिवर्तनाबरोबरची दुहेरी जात एवढे मागवा. डीआयसी (पारदर्शक पेशींना उठाव देणारी प्रकाशरचना) जोडलेला चांगला कंपाउंड मायक्रोस्कोप असेल, तर त्यात 'सेड-१'ची भर घाला. फ्लुओरेसन्स असेल तरच एमडी७०१ (मरणाऱ्या पेशीभोवती हिरवे कडे दाखवणारी जात) घ्या. आणि सगळ्या पुस्तकांत ज्याचे नाव पहिले येते तो एकटा 'सेड-३' शेवटी घ्या, किंवा घेऊच नका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पदवी महाविद्यालयांत जी साधने असतात ती धरून ही पारख केली आहे. मोठ्या संशोधन संस्थेला यातले निम्मे मुद्दे लागू होणार नाहीत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडी ओळख. हा सूत्रकृमी, सीनोरॅब्डायटिस एलेगन्स, मातीत मोकळा राहतो. तो पोटातला जंत नव्हे, माणसाला किंवा जनावराला त्यापासून काही होत नाही. पालकांना आणि कधी कधी प्राचार्यांनाही हे आधी सांगून ठेवलेले बरे. प्रौढ कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब आणि पूर्ण पारदर्शक असतो. बहुतेक उभयलिंगी असतात, स्वतःच फलन करतात आणि एकेकाला सुमारे ३०० पिल्ले होतात. २० अंशांवर अंड्यापासून अंडी घालणाऱ्या प्रौढापर्यंत साडेतीन दिवस पुरतात. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकीचा पाया घातला. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ पर्यंत अंड्यापासूनच्या प्रत्येक पेशीची वंशावळ पूर्ण केली. त्यातून दिसले की उभयलिंगी कृमीत १०९० कायिक पेशी तयार होतात, त्यातल्या नेमक्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दर वेळी त्याच पेशी, त्याच सुमारास. मरण इतके ठरलेले असेल तर त्यामागे जनुके असणार, हा विचार रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांनी तडीस नेला. २००२ चे वैद्यकाचे नोबेल या तिघांना मिळाले.

जातींचे मूळ भांडार अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आहे, सीनोरॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटर, बोलण्यात सीजीसी. तिथे वीस हजारांवर जाती आहेत. एन२ आणि त्याचे अन्न असलेले ओपी५० जिवाणू मात्र परदेशातून मागवायची गरज नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आणि बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये या कृमीवर काम चालते. विभागाच्या लेटरहेडवर विचारणा करावी. कृमीवाल्यांमध्ये प्लेट वाटून घेण्याची जुनी पद्धत आहे.

एन२ : याच्याशिवाय काहीच सुरू करू नका

ही मूळची ब्रिस्टलची जात. तुलनेसाठी लागतेच, शिवाय हात बसवायला हिच्यासारखी दुसरी नाही. विद्यार्थ्याने किमान दोन आठवडे फक्त एन२ उचलायला आणि हलवायला शिकावे. त्यासाठी प्लॅटिनमची बारीक तार, ३२ गेजची, इंचभर पुरते. ती काचेच्या नळीत बसवून टोक चपटे करावे. ज्वाळेत धरली की तार लगेच लाल होते आणि तितक्याच लवकर निवते, म्हणून प्लॅटिनमच हवे. निक्रोमची तार स्वस्त पडते, पण जाड असली तर आगर फाटतो आणि त्या चिरेतून कृमी खाली शिरतात. तारेने कृमी थेट उचलायचा नसतो. आधी टोकाला ओपी५०चा चिकट थेंब घ्यायचा आणि तो कृमीच्या पाठीवर हलका टेकवायचा.

'सेड-३', एमटी१५२२ : प्रसिद्ध, पण दाखवायला अवघड

यात एन७१७ हे उत्परिवर्तन आहे. 'सेड-३' हे मारणारे विकर, पुढे ज्याला कॅस्पेज म्हणू लागले त्या कुळातले. ते बिघडले की १३१ पैकी जवळजवळ सगळ्या पेशी जिवंत राहतात, आणि कृमी तरीही चालतो, खातो, पिल्ले देतो. हे सत्य वर्गात सांगताना मुले ताठ बसतात. अडचण सांगण्यात नाही, दाखवण्यात आहे. स्टिरिओखाली एमटी१५२२ची प्लेट आणि एन२ची प्लेट शेजारी ठेवली, तर कोणती कुठली हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. फरक बघायला डीआयसीखाली तिसऱ्या अवस्थेतल्या अळीच्या घशाचा पुढचा भाग शोधावा लागतो. तिथे एरवी मरणाऱ्या १६ पेशींपैकी डझनभर केंद्रके जास्तीची उरलेली दिसतात. मोजणाऱ्याला आधी एन२च्या त्या भागातली नेहमीची केंद्रके पाठ असावी लागतात. पहिल्या प्रयत्नात हे कुणालाच जमत नाही.

यातूनच दुसरा, जास्त गंभीर धोका निघतो. लेबल चुकले तर ती चूक पुढे कुठेही पकडली जात नाही. 'सेड-४'च्या एमटी२५४७चे आणि 'सेड-९'च्या कार्यवृद्धीच्या एमटी४७७०चे हेच आहे, तिन्ही प्लेटा दिसायला सारख्या. म्हणून या जाती एकाच डब्यात ठेवू नयेत. झाकणावर नाही, प्लेटच्या तळावर लिहावे, कारण झाकणे बदलतात. 'सेड-९' पूर्ण बिघडलेला मात्र कुणी देऊ केला तरी घेऊ नका. 'सेड-९' पेशींना वाचवणारे जनुक. ते गेले की जगायच्या पेशीही मरतात, पुढची पिढी टिकत नाही आणि ती जात सांभाळणे महाविद्यालयाच्या आवाक्यातले काम नाही.

'सेड-१', सीबी३२०३ : डीआयसी असेल तर सर्वात समाधान देणारी जात

'सेड-१'मध्ये पेशी मरतात, पण शेजारच्या पेशी मेलेल्यांना गिळत नाहीत. एन२मध्ये मेलेली पेशी तासाभरात नाहीशी होते, त्यामुळे नेमक्या वेळी नेमक्या अंड्यावर नजर असावी लागते. सीबी३२०३मध्ये ती तशीच पडून राहते. नुकत्याच बाहेर आलेल्या अळीचे डोके डीआयसीखाली १०० पट ऑइल भिंगाने पाहिले, की चकचकीत, गोल, सपाट बटणांसारख्या चकत्या दिसतात, वीसहून अधिक. एन२च्या तशाच अळीत एकही नसते. शून्य आणि वीस हा फरक प्रथम वर्षाच्या मुलालाही मोजता येतो.

इतिहासाच्या दृष्टीनेही ही जात शिकवण्याजोगी आहे. हिलरी एलिस आणि हॉर्व्हिट्झ यांनी १९८६ मध्ये 'सेड-३'चे वर्णन केले. त्यातला एन७१७ मिळाला तो 'सेड-१'च्या पार्श्वभूमीवर. प्रेतांनी भरलेल्या कृमींत ज्याच्या अंगात प्रेत नाही असा कृमी शोधला गेला. हा तर्क फळ्यावर तीन ओळींत मांडता येतो आणि मुलांना आनुवंशिक छाननी म्हणजे काय ते कायमचे समजते.

साध्या ब्राइटफील्डवर हे दिसेल का, असे नेहमी विचारले जाते. कंडेन्सरचा डायफ्रॅम खूप मिटवला तर काही चकत्या पुसट ओळखता येतात. ज्याने आधी डीआयसीवर पाहिल्या आहेत त्यालाच, नवख्याला नाही. फेज कॉन्ट्रास्टमध्ये कडेची प्रभा इतकी येते की आतड्यातल्या कणांनाच मुले प्रेत समजतात. उद्यमबागेतल्या किंवा कोल्हापूरच्या दुकानदाराने 'फेजपण चालतंय की' म्हटले तरी या कामासाठी घेऊ नका. डीआयसी घेताना भिंग आणि प्रिझम जोडीने जुळतात का ते लिहून घ्या, नाहीतर मागाहून एकेक भाग बदलत बसावे लागते.

स्लाइडची तयारी अशी. दोन स्लाइडवर एकेक थर चिकटपट्टी लावा आणि त्यांच्या मधोमध तिसरी स्लाइड ठेवा. तिच्यावर २ ते ४ टक्के वितळलेल्या आगरोजचा थेंब सोडून वरून चौथी आडवी दाबा, की सारख्या जाडीची चकती मिळते. कृमी सुन्न करायला लेव्हामिसोल वापरा. ते गुराढोरांचे जंताचे औषध म्हणून दुकानात मिळते, पण त्या द्रवात इतर पदार्थ असतात आणि तीव्रता जुळवणे कठीण जाते. प्रयोगशाळेची पूड मागवणेच बरे. सोडियम अझाइड काही ठिकाणी वापरतात, मात्र ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये.

'एग्ल-१' कार्यवृद्धी : आमची पहिली पसंती

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहिले ती जात. एन४८७ किंवा एन१०८४ यांपैकी कोणतेही ॲलील, म्हणजे जनुकाचे बदललेले रूप, चालेल. 'एग्ल-१' मारण्याचा हुकूम सुरू करते. साखळी अशी : 'एग्ल-१' हे 'सेड-९'ला अडवते, 'सेड-९' एरवी 'सेड-४'ला धरून ठेवते, आणि सुटलेले 'सेड-४' हे 'सेड-३'ला जागे करते. कार्यवृद्धी उत्परिवर्तात 'एग्ल-१' नको तिथे चालू होते आणि एचएसएन नावाच्या दोन चेतापेशी मरतात. या पेशी उभयलिंगी कृमीत जगायच्या असतात. अंडी घालण्याच्या स्नायूंना त्याच हुकूम देतात. त्या गेल्या की अंडी आतच साठतात. तरुण एन२च्या पोटात दहा-पंधरा अंडी असतात, याच्या पोटात ती कितीतरी जास्त होतात, अंग फुगते, शेवटी पिल्ले आत फुटून आईला आतूनच खाऊ लागतात.

म्हणजे पेशीमृत्यू झाला की नाही, हे पेशीकडे न बघता फुगलेल्या पोटावरून वाचता येते. स्टिरिओवर २० ते ४० पट मोठे केले तरी पुरते. खानापूरच्या ज्या प्रयोगशाळेत एकच स्टिरिओ आहे तिथेही ही जात पूर्ण प्रयोग देते.

दुहेरी जात, म्हणजे 'सेड-३ एन७१७' आणि 'एग्ल-१' कार्यवृद्धी एकत्र, पुन्हा अंडी घालू लागते, कारण हुकूम आला तरी मारणारा नाही. मारेकरी हुकुमाच्या पुढे आहे हा निष्कर्ष मुले स्वतः काढतात. आनुवंशिक क्रम शिकवायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही. ही दुहेरी शक्यतो तयारच मिळवा. वर्गात संकर करून बनवायला निघाल्यास अडचण अशी येते की दुहेरी कृमी दिसायला एन२सारखाच. दुसऱ्या पिढीत अंडी घालणारे कृमी निवडले तर त्यात 'एग्ल-१' नसलेलेही येतात आणि पीसीआर किंवा चाचणी संकराशिवाय वेगळे करता येत नाहीत.

मोजणीत तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, उपासमार : अन्न संपले की एन२सुद्धा अंडी आत धरून ठेवतो आणि त्याचीही पिशवी होते. त्यामुळे पातळ झालेल्या किंवा पारदर्शक पडलेल्या लॉनवरचा (जिवाणूंच्या थरावरचा) कृमी मोजायचा नाही. दुसरी, वय : चौथ्या दिवसाचा म्हातारा एन२ आणि पहिल्या दिवसाचा उत्परिवर्ती यांची तुलना होऊ शकत नाही. चौथ्या अवस्थेतली अळी, जिच्या योनीच्या जागी अर्धचंद्र दिसतो, ती वेगळी काढावी आणि बरोबर २४ तासांनी मोजावे. एका जातीचे किमान २० कृमी, प्रत्येक वेगळ्या प्लेटवर. तिसरी फसगत म्हणजे फुगलेला कृमी दिसला की पेशीमृत्यू झाला असे मानून टाकणे. स्नायू बिघडला तरी अंडी अडकतात. तपासायला सेरोटोनिन : एम९ या क्षारद्रवात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम विरघळवून त्यात कृमी सोडावेत आणि तासभराने मोजावे. सेरोटोनिन स्नायूंवर थेट काम करते. चेतापेशी गेलेला पण स्नायू शाबूत असलेला 'एग्ल-१' त्यात अंडी टाकतो. हा शेवटचा भाग गाळू नका. मुलांना नियंत्रण प्रयोगाचा अर्थ इथेच कळतो.

एमडी७०१ : देखणी, पण यंत्राशिवाय निरुपयोगी

यात 'सेड-१' प्रथिनाला हिरवा प्रकाश देणारे जीएफपी जोडले आहे आणि ते जननग्रंथीच्या आवरणपेशींत बनते. त्या पेशी मरणाऱ्या जननपेशीला वेढतात तेव्हा फ्लुओरेसन्सखाली तिच्याभोवती हिरवे कडे दिसते. चौथ्या अवस्थेनंतर २४ तासांनी ग्रंथीच्या वळणापाशी बघावे. मोजायला फार सोपे. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नसेल तर या जातीचा काहीच उपयोग नाही. एक शिकवण्याजोगी गोष्ट : जननपेशींच्या नेहमीच्या मरणाला 'सेड-३' आणि 'सेड-४' लागतात, 'एग्ल-१' लागत नाही. डीएनएला इजा झाल्यावर होणाऱ्या मरणात मात्र 'एग्ल-१'चा वाटा असतो.

आपल्या हवामानात सांभाळताना

प्लेटांसाठी एनजीएम, म्हणजे कृमी वाढवायचे आगर माध्यम : १ लिटरला मीठ ३ ग्रॅम, आगर १७ ग्रॅम, पेप्टोन अडीच ग्रॅम, पाणी ९७५ मिलिलिटर. ऑटोक्लेव्ह झाल्यावर ५५ अंशांपर्यंत निवू द्यावे. मग कोलेस्टेरॉल, म्हणजे इथेनॉलमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, त्यातले १ मिलिलिटर. त्यानंतर १ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी १ मिलिलिटर, शेवटी पीएच ६चा १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिलिलिटर. प्रत्येक घातल्यावर ढवळावे. सगळे एकदम ओतले की पांढरा साका बसतो. कोलेस्टेरॉल विसरले तर पहिली पिढी नीट वाढते आणि पुढच्या पिढ्या मंदावतात, तेव्हा कुणालाच कारण सापडत नाही. ६० मिलिमीटरच्या प्लेटला १० मिलिलिटर, म्हणजे लिटरला शंभरेक प्लेटा. किराणा दुकानातला चायना ग्रास वापरून भागवू नका. जेल मऊ राहिले की कृमी आत बिळे करतात आणि मोजणी संपते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, आणि याचा परिणाम ऑटोक्लेव्हवर होतो. इथे गेजवर १५ पौंड दिसले तरी आतले तापमान १२१ऐवजी साधारण दीड अंशाने कमी असते. पुस्तकातली वेळ तशीच न घेता पाच-दहा मिनिटे वाढवावी. पावसाळ्यात तर हवेच.

जून ते सप्टेंबर या काळात बुरशी हाच खरा शत्रू. प्लेटा ओतल्यावर दोन दिवस पालथ्या वाळू द्याव्यात आणि मगच ओपी५०चा ५० मायक्रोलिटरचा थेंब मधोमध टाकावा, कडेला लावू नये. नाहीतर कृमी प्लेटच्या भिंतीवर चढून वाळतात. बुरशी आलीच, तर अंड्यांवर ब्लीच चालवावे : कृमींचे पाणी साडेतीन मिलिलिटर, ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा मिलिलिटर, घरगुती ब्लीच १ मिलिलिटर. दर दोन मिनिटांनी हलवत एकूण दहा मिनिटांच्या आत आटोपून लगेच धुवावे. कृमी विरघळतात, अंडी वाचतात. त्यापुढे वेळ गेला तर अंडीही जातात. ब्लीचची बाटली महिनोन् महिने उघडी असली तर तीव्रता उरत नाही, तेव्हा ताजी घ्या.

पावसाळ्यात आणि थंडीत खोलीचे तापमान कृमीला मानवते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५च्या पुढे जातो. २५-२६च्या वर गेले की पिल्ले कमी होतात, २७च्या आसपास कृमी जवळजवळ वांझ होतात, आणि तेव्हा 'सेड-३'ची प्लेट कमजोर दिसल्याचा दोष जनुकावर टाकला जातो. वीज गेली तरी १५ ते २० अंश टिकवणारा छोटा कूलिंग इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर हवाच. ते नसेल तर या दोन महिन्यांत प्रयोग ठेवू नका. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे पॅक ठेवून जाती जगवता येतात, पण मोजणीला तापमान स्थिर लागते.

एकमेकांत वाटून घेणे अगदी सोपे आहे. उपाशी प्लेटवर कृमी डाउअर या तग धरणाऱ्या अळी-अवस्थेत जातात आणि महिनोन् महिने जगतात. पॅराफिल्मने बंद केलेली अशी प्लेट बेळगावहून निपाणीला किंवा चिकोडीला एसटीच्या प्रवासात पिशवीत आरामात जाते, फक्त ती बोनेटजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. पोचल्यावर आगराचा छोटा तुकडा कापून ताज्या प्लेटवर उपडा ठेवला की दुसऱ्या दिवशी कृमी लॉनमध्ये फिरताना दिसतात.

-८० अंशांचा फ्रीझर नसणाऱ्या विभागांनी एक पथ्य पाळावे. महिनोन् महिने तुकडे कापून पुढे नेलेल्या प्लेटेत नवी उत्परिवर्तने साचत जातात. म्हणून वर्षातून एकदा ताजी प्रत मागवा आणि जुन्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करून टाका. प्रत्येक नव्या तुकडीची 'एग्ल-१' वीस कृमींवर तपासून आकडा वहीत लिहा. फुगलेले किती, अंडी घातलेले किती, एवढेच. पुढच्या वर्षी तोच आकडा आला तर जात शाबूत आहे.